शुक्रवारी या

मेसेज आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. १ ऑगस्ट २०२२, सोमवार, दुपारची वेळ. बाहेर कॅन्ससचा उन्हाळा भाजून काढत होता. अंगणातलं गवत पायाखाली पापडासारखं मोडायचं आणि झाडांवरच्या सिकाड्यांनी सकाळपासून एकच सूर धरलेला. ओट्यावरचा फोन थरथरला म्हणून ओल्या हातानंच उचलला. नंबर अनोळखी. सगळी अक्षरं मोठी, कुणीतरी कानाशी येऊन ओरडावं तशी. मतलब असा, की कॅन्ससमधल्या बायका निवडीचा हक्क गमावून बसताहेत, घटनादुरुस्तीला ‘हो’ म्हटलंत तर बायकांच्या हाती निवड येईल, तेव्हा बायकांच्या आरोग्यासाठी ‘हो’वर मत द्या. खाली पाठवणाऱ्याचं नाव नाही, संस्थेचं नाव नाही.

मी दोनदा वाचला. कारण दुसऱ्या दिवशीच्या मतपत्रिकेवर ‘हो’चा अर्थ बरोबर याच्या उलटा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं होतं, की गर्भपाताचा हक्क कॅन्ससच्या घटनेतच आहे. ‘हो’ म्हणजे तो हक्क घटनेत नाही असं लिहून टाकायचं आणि पुढचं विधिमंडळावर सोडायचं. ‘नाही’ म्हणजे जे आहे ते राहू द्यायचं. मेसेज पाठवणाऱ्याला हे माहीत नसणार असं समजायला मी दूधखुळी नाही. ज्यांना ‘नाही’ म्हणायचंय त्यांच्या हातून ‘हो’ लिहवून घ्यायचं, एवढाच त्याचा हेतू.

आणि मी ‘हो’च म्हणणार होते. नीट वाचून, नीट समजून, कुणी न फसवता.

मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या सुट्टीवर घरी आलेली. तिचं हे पहिलंच मोठं मत, आणि ते ‘नाही’वर पडणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिच्याही फोनवर तोच मेसेज. जिना उतरून खाली आली, फोन माझ्यासमोर धरला आणि दूध उतू गेलंय हे सांगावं तितक्या शांतपणे म्हणाली, “आई, हे तुझे लोक.”

कोथिंबिरीच्या काड्या मी कचऱ्यात टाकायच्या त्या पातेल्यात टाकल्या आणि पानं कचऱ्यात.

‘तुझे लोक’ ही खरं तर माझीच भाषा. तिनं ती परत केली इतकंच. तीन आठवड्यांपूर्वी आमच्याच ओव्हरलँड पार्कमधल्या एका कॅथलिक चर्चवर रात्रीतून कुणीतरी लाल रंग फासला, मेरीच्या मूर्तीवर रंग ओतला, ‘माझं शरीर, माझी निवड’ असं भिंतीवर लिहिलं. सकाळी शेजारीण ते बघून आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. घरात येऊन मी मुलीला म्हटलं होतं, “बघ, हे तुझे लोक.” तिनं तेव्हा उत्तर दिलं नाही. आमच्या घरात उत्तरं उशिरा येतात, पण येतात.

ही शेजारीण म्हणजे पाच मुलांची आई, कायम कसल्या ना कसल्या सामानानं भरलेली गाडी. तिच्या गॅरेजमध्ये डायपरची खोकी छतापर्यंत असायची. दिवस गेलेल्या पण हाताशी काही नसलेल्या पोरींसाठी एक केंद्र आहे, तिथं ती दर गुरुवारी जाते. पाळणे, बाटल्या, कार सीट, कधी कुणाचं घरभाडं. ‘हो’च्या प्रचाराची ‘व्हॅल्यू देम बोथ’ ही पाटी आमच्या हिरवळीत रोवायला तिनंच आणली होती. दोघांचंही मोल जाणा, आईचंही आणि बाळाचंही. नवरा म्हणाला, “आपल्याला कशाला? मराठी मंडळातले दहा जण इकडून जातात, उगीच चर्चा.” पाटी गॅरेजातच राहिली, भिंतीला टेकून, आमच्या बर्फाच्या फावड्याशेजारी. माझी मतं बहुधा अशीच असतात. असतात, पण गॅरेजात.

१९९१ च्या उन्हाळ्यात ही बाई विचिटाच्या रस्त्यावर बसली होती. आमच्या इथून विचिटा तीन तासांवर. तिथल्या गर्भपात दवाखान्यांसमोर त्या वर्षी आठवडेच्या आठवडे लोकांनी धरणं धरलं, अडीच हजारांहून जास्त अटका झाल्या. ती तेव्हा जेमतेम वीस वर्षांची. पोलिसांनी चौघांनी मिळून उचलून नेलं हे सांगताना अजूनही तिचे डोळे चमकतात, आपल्याकडे एखाद्या म्हातारीनं गोवा सत्याग्रहाचं सांगावं तसे. मी एकदा विचारलं होतं, मग २००९ चं काय? ती गप्प झाली. ३१ मे २००९, रविवार. त्याच विचिटात गर्भपाताचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर जॉर्ज टिलर यांना त्यांच्या चर्चमध्ये गोळी घालून मारलं. ते तिथं येणाऱ्यांचं स्वागत करायला उभे होते. मी तेव्हा नुकतीच कॅन्ससमध्ये आलेली, मुलगी सहा वर्षांची, आणि आपण कुठं येऊन पडलो असं वाटून रात्रभर जागी होते. फॉक्स न्यूजवरचा एक मोठा निवेदक गेली काही वर्षं या डॉक्टरांचं नाव यमक जुळवून घ्यायचा, ‘टिलर द बेबी किलर’. खून झाल्यावर तो म्हणाला, की लोक जे म्हणत होते तेच मी सांगत होतो. शेजारणीनं मात्र बराच वेळानं एवढंच म्हटलं, “त्या एका दिवसात आमचं सगळं वाया गेलं.” आणि पुन्हा डायपर मोजायला लागली.

मी ‘त्यांची’ कशी झाले, हा प्रश्न मुलगी मला विचारते तेव्हा तिला वाटतं मी शेजारणीचं नाव घेईन, किंवा गाडीतल्या रेडिओचं. रेडिओनं भर घातली हे खरं. ऑफिसला जाता-येता चाळीस मिनिटं, आणि उजव्या विचारांचे ते दुपारचे निवेदक बोलायला इतके तयारीचे, की सिग्नल हिरवा झालेला कळायचा नाही. एकदा त्यातला एकजण भारताबद्दल बोलायला लागला. तिकडं मुलगी आहे म्हणून गर्भ पाडतात, लाखो मुली जन्मालाच आल्या नाहीत, मग ‘बाईचा हक्क’ म्हणणाऱ्या बायका आता कुठं आहेत, असा त्याचा सवाल. कॅन्ससनं २०१३ मध्ये मुलगा-मुलगी बघून गर्भपात करायला बंदी घातली तेव्हाही आमचं नाव असंच निघालं होतं. मी गाडी बाजूला घेतली. सांगत होता ते खोटं नव्हतं. माझ्या जिल्ह्यात, कोल्हापुरात, २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली भरल्या होत्या ८३९. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ९१३ होता, पुढच्या दहा वर्षांत तो ८९४ वर उतरला. हे आकडे मला पाठ आहेत, इथं कुणी विचारत नाही तरी. पण त्याच्या तोंडून ते ऐकताना वाटलं, आपल्या घरातली एखादी गोष्ट परक्या माणसानं चव्हाट्यावर सांगावी, आणि सांगताना सगळं बरोबर सांगावं, फक्त घरातल्या माणसाचं तोंड त्याला आठवू नये.

मला आठवतं. माझ्या धाकट्या काकीचं.

साल १९९३. मी बारा वर्षांची. आमचं एकत्र घर, पुढं सोपा, मागं गोठा, मध्ये अंधारं माजघर. काकीला दोन मुली होत्या आणि तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. शेजारच्या तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नवीन मशीन आलंय, अशी बातमी आमच्याकडं दुधाच्या गाडीबरोबर पोचली होती. काका आणि काकी एसटीनं गेले. परत आले तेव्हा आज्जीनं दारातच विचारलं, “काय म्हणाला डॉक्टर?” काका चपला काढता काढता म्हणाले, “शुक्रवारी या म्हणाला.” आज्जी एकदम खाली बसली. मला काही कळलं नाही. शुक्रवार म्हणजे आमच्याकडं आंबट न खायचा वार, जिवतीच्या कागदाला हळदकुंकू वाहायचा वार, त्यात बसण्यासारखं काय? फार नंतर, नर्सिंगला असलेल्या आईकडून कळलं. सोमवारी या म्हणजे मुलगा. इंग्रजी एम. शुक्रवारी या म्हणजे मुलगी, इंग्रजी एफ. तोंडानं कुणी काही बोललं नाही, कागदावर कुणी काही लिहिलं नाही. महाराष्ट्रानं गर्भजल तपासणीविरुद्ध कायदा १९८८ लाच केला होता, देशात सगळ्यांत आधी. पण आमच्या सोप्यात त्या दिवशी कायदा कुणाच्या तोंडी आला नाही.

शुक्रवारी ते पुन्हा गेले. संध्याकाळी काकी परत आली ती माजघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. “काकीला काय झालंय?” तर “पिशवी साफ केलीया.” मला वाटलं बाजाराची पिशवी. आज्जीनं हळद घालून दूध नेलं, ते तसंच राहिलं, त्यावर पिवळी साय धरली. काकीच्या धाकट्या मुलीला त्या रात्री मी माझ्याजवळ घेऊन झोपले. ती विचारत होती, आईकडं जायचंय, आणि मी तिला कसलीतरी गोष्ट सांगत होते. माजघरातून आवाज नव्हता. रडण्याचाही नाही. गोठ्यात म्हैस पाय आपटत होती, तेवढाच.

पुढं दोन वर्षांनी मुलगा झाला. पेढे वाटले. बारशाला काकी हिरव्या शालूत होती आणि सगळे म्हणाले, देवानं ऐकलं. काका वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. दोन्ही मुलींना त्यानं शिकवलं, एकीला बी.एड. केलं. पण त्या शुक्रवारी काकीला विचारलं का कुणी, हे मला माहीत नाही. विचारलं असतं तरी ती ‘नको’ म्हणाली असती का, आणि म्हणाली असती तर तिचं पुढं काय झालं असतं, हेही माहीत नाही.

आईच्या सरकारी दवाखान्यात या विषयाला वेगळेच शब्द होते. तिथं ‘क्युरेटिंग’ व्हायचं, ‘केस’ यायची. गर्भपाताला परवानगी देणाऱ्या १९७१ च्या कायद्याचा तक्ता भिंतीवर. हा कायदा ज्या समितीच्या शिफारशींवर उभा राहिला तिचे अध्यक्ष होते आपले शांतिलाल शहा, पण त्यांच्या नावानं ना कुणी मोर्चा काढला ना कुणी हार घातला. गर्भनिरोधक साधन फसलं हेही कारण त्यात चालत होतं. शेजारी लाल त्रिकोण, दोन मुलांचं हसरं कुटुंब. अमेरिकेत पन्नास वर्षं ज्यावरून माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली, ते आमच्याकडं संसदेत आलं आणि मंजूर होऊन फायलीत गेलं. कुणी आम्हाला विचारलं नाही, तुम्हाला काय वाटतं. आम्हीही स्वतःला विचारलं नाही. गावात बाया एकमेकींना ‘पोट पाडलं’ म्हणायच्या, कुजबुजत. ‘पाडणं’ हा काय शब्द आहे बघा. भिंत पाडतात, चिंचा पाडतात, भाव पाडतात. आणि ‘गर्भपात’ म्हणजे आपोआप झालेला की केलेला, हे मराठीत वेगळं सांगावं लागतं.

मग मी कॉलेजात गेले तोवर वारं फिरलं होतं. ‘स्त्रीभ्रूणहत्या महापाप’ हे एसटी स्टँडवर, रिक्षाच्या मागं, नगरपालिकेच्या भिंतीवर. आम्ही पोरी-पोरांनी त्यावर पथनाट्य केलं होतं, रंकाळ्यावर, बिंदू चौकात. माझ्या तोंडी वाक्य होतं, “आई, मला मारू नकोस.” पोटातल्या मुलीचं. मी ते घसा ताणून म्हणायचे आणि समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. शब्द बघा, ‘हत्या’. हे कुठल्या चर्चनं, कुठल्या धर्मसभेनं लिहून दिलेलं नव्हतं. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या, फुले-शाहूंच्या तसबिरीखाली बसणाऱ्या माणसांनीच ते आमच्या हाती दिलं. पुढं याच चळवळीतल्या जाणत्या बायका म्हणायला लागल्या, हा शब्द नको, ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा, नाहीतर उद्या प्रत्येक गर्भपात खून ठरेल. त्यांचं म्हणणं मला आज समजतं. पण तोवर माझ्या अंगात ते वाक्य मुरलं होतं. पोटात मुलगी असेल तर ती ‘ती’ आहे, आणि गर्भपात मुलगी नको म्हणून नसेल तर तो नुसता पेशींचा गोळा, हे गणित मला तेव्हाही सुटलं नाही, आताही सुटत नाही. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, तू विसावं शतक घेऊन कॅन्ससमध्ये मत देतेयस.” असेलही.

असं म्हणून मी कॉन्झर्व्हेटिव्ह. बायबल मी वाचलेलं नाही, शेजारणीनं दिलेलं कपाटात आहे. मला एवढंच वाटतं, की काकीच्या पोटात कुणीतरी होतं. आणि टीव्हीवरच्या एका बाजूच्या बोलण्यात ते ‘कुणीतरी’ कुठं येतच नाही. तिथं सगळे शब्द धुऊन, इस्त्री करून ठेवलेले. सेवा, प्रक्रिया, आरोग्य. मी तिकडून उठून इकडं येऊन बसले, कारण इकडं निदान बाळाला बाळ म्हणत होते.

पण इकडं बसल्यावर हळूहळू लक्षात यायला लागलं, की इथं बाळ आहे, आणि बाई गेलीय. ती असते ती एकतर फसवली गेलेली, नाहीतर निर्दयी. काकी या दोहोंत कुठंच बसत नाही. आणि जे बाळ म्हणतात, तेही कधीपासून? रोनाल्ड रेगन १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे राज्यपाल होते तेव्हा त्यांनीच गर्भपात सुलभ करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. अध्यक्ष झाल्यावर १९८३ मध्ये त्यांनीच त्याविरुद्ध लांबलचक लेख लिहिला. माणसाचं मत बदलावं, बदलू शकतं, मी त्याला नावं ठेवत नाही. मात्र रेडिओवरचा माणूस असं बोलतो, जणू हे सगळं थेट देवाकडून, सिनाई पर्वतावरूनच खाली आलं.

जुलैची एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. ओहायोतल्या दहा वर्षांच्या मुलीची बातमी आली होती. तिच्यावर अत्याचार झालेला, दिवस गेलेले, आणि तिथं जूनपासून सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी करणारा कायदा लागू झालेला म्हणून गर्भपातासाठी शेजारच्या इंडियानात न्यावं लागलं. राष्ट्राध्यक्षांनी भाषणात उल्लेख केला. लगेच आमच्या बाजूचे शंका घ्यायला लागले. ओहायोचे महाधिवक्ता फॉक्सवर म्हणाले, असा काही पुरावा दिसत नाही. वॉल स्ट्रीट जर्नलसारख्या वर्तमानपत्रानं अग्रलेखात सुचवलं, की ही कहाणी खरी वाटायला जरा जास्तच सोयीची आहे. रात्री जेवताना मी वरणात तूप घालत म्हटलं, “असं काही झालेलं नसणार. बनवलेलं आहे.” किती सहज म्हटलं. एक-दोन दिवसांत आरोपी कोर्टात उभा केला गेला. मुलगी दहाची होती, अत्याचार झाला होता, इंडियानाला गेली होती, सगळं खरं. वर्तमानपत्रानं आपली चूक छापली. मी काही छापलं नाही. मुलीनंही विषय काढला नाही. पण मला माझंच वाक्य तुपाच्या वासासकट आठवत राहिलं. दहा वर्षांच्या पोरीवर असं काही होऊ शकत नाही असं मला खरंच वाटलं होतं का? कोल्हापूर जिल्ह्यात नर्सच्या पोटी जन्मून? नाही. मला ते खोटं असायला हवं होतं. माझी बाजू त्याशिवाय नीट उभी राहत नव्हती.

म्हणून सोमवारी मेसेज आला तेव्हा ‘हे तुझे लोक’ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वर्तमानपत्रांनी माग काढला तेव्हा तो एका माजी रिपब्लिकन खासदाराच्या राजकीय समितीपर्यंत पोचला. कॅन्ससच्या डेमोक्रॅट माजी राज्यपाल कॅथलीन सिबेलियस यांनाही तोच मेसेज गेला होता, म्हणजे पाठवणाऱ्यांनी यादीही बघितली नव्हती की बघून पाठवला, कोण जाणे. आणि घटनादुरुस्तीच्या प्रचारात मेसेजखाली नाव घालायची सक्ती तेव्हा इथल्या कायद्यात नव्हती. म्हणजे गुन्हाही नाही. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीनं आम्ही बोलतो, असं ज्यांनी आयुष्यभर सांगितलं, त्यांना तोंड उघडल्यावर हेच सुचावं? शेजारणीला दाखवला. तिनं चष्मा वर करून वाचला, म्हणाली, “हे आमचं नाही.” मग थोड्या वेळानं, “आमचं असेल तर मला सांगू नकोस.”

त्या संध्याकाळी मला तिच्या गॅरेजावरून उगाच फुल्यांच्या पुण्याची आठवण झाली. १८६३. विधवेला दिवस गेले तर विहीर, नाहीतर काळं पाणी, अशा काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी घराचं दार उघडलं, बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. त्यातलंच काशीबाईंचं एक मूल त्यांनी आपलं म्हणून वाढवलं, ते डॉक्टर यशवंत. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, “फुल्यांना तुझ्या पाटीशेजारी उभं करू नकोस.” बरोबर आहे तिचं. ‘बालहत्या प्रतिबंधक गृह’ असं नाव त्यांनी दिलं खरं, पण त्या नावातला राग बाईवर नव्हता. तिला आत घेताना ती कुणाची, कशी, असं विचारत नव्हते. तिच्याकडून काही वदवून घेत नव्हते. आणि तिच्या पोटाच्या जोरावर कुणाला निवडून यायचं नव्हतं. डायपर तेवढे सारखे.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघी एकाच गाडीनं मतदानाला गेलो. उन्हं चढायच्या आधी रांग इमारतीला वळसा घालून गेलेली. ऑगस्टमधल्या प्राथमिक फेरीला इथं एरवी कुत्रं फिरकत नाही. त्या दिवशी राज्यभर नऊ लाखांच्या वर मतं पडली. रांगेत एक म्हातारा घडीची खुर्ची घेऊन आला होता, कुणीतरी पाण्याच्या बाटल्या वाटत होतं, आणि कोण कुठल्या बाजूचं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. मतपत्रिकेवरचा मजकूर इतका गुंतागुंतीचा, की मला कागदावर बोट ठेवून वाचावा लागला. दुरुस्तीची सुरुवातच होती, कॅन्ससचे लोक स्त्रिया आणि मुलं दोघांचंही मोल जाणतात म्हणून… मी ‘हो’ केलं. हात थोडा थांबला, हे खरं. मेसेज डोळ्यासमोर आला, काकीची पाठ आली. पण केलं. परतताना मुलीनं गाडी चालवली आणि वाटेत दोघींनी थंड कॉफी घेतली. पैसे तिनं दिले.

रात्री जेवणं उरकेपर्यंत निकाल कळला. ५९ विरुद्ध ४१. ‘नाही’ जिंकलं. ज्या राज्यानं १९३२ नंतर सिनेटवर एकही डेमोक्रॅट पाठवलेला नाही, त्या राज्यात. ‘हो’वाल्यांपैकी दोघांनी पुढं पदरचे पैसे खर्चून नऊ काउंटींत हातानं फेरमोजणी करून घेतली, फरक पडला शंभराच्या आतला. टीव्हीवर ‘नाही’वाल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. आमच्या बाजूचे जाणकार दुसऱ्या चॅनेलवर सांगत होते की संदेश नीट पोचला नाही, पैसा कमी पडला, शब्द चुकले. पाठवलेल्या त्या मेसेजबद्दल त्या रात्री मी ऐकलं तेवढ्यात कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, जरा सुटल्यासारखंही वाटलं, एखाद्या जड भांड्याचा एक कान दुसऱ्या कुणीतरी धरावा तसं. हे दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते मला सांगता येत नाही. रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

बंद करताना काकीच आठवली. २०१२ च्या जूनमध्ये मी गावी होते. परळीच्या दवाखान्यातल्या स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजत होतं. मराठी चॅनेलवर दिवसभर तेच. निवेदक ओरडत होता, लाल अक्षरं पडद्यावर धावत होती, ‘कळ्या खुडणारे खुनी’ छापाची, आणि खाली घरबसल्या लोकांचे मेसेज, आईबापांनाही फाशी द्या. आम्ही सगळे सोप्यात चहा पीत बसलो होतो. काकी खांबाला टेकून शेंगा फोडत होती. ती उठली, टीव्ही बंद केला आणि म्हणाली, “भाजी करपतीया.” आत गेली. मी मागोमाग गेले. चुलीवर काही नव्हतं. गॅसही बंद. काकी ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होती. मी तशीच बाहेर आले.

निवडणुकीनंतर आठवडाभरानं काकीचा फोन आला. व्हिडिओ चालू, पण कॅमेरा कायम तिच्या कपाळावर. मागं पाऊस पत्र्यावर ताशासारखा वाजत होता. नातवंडांचं झालं, माझ्या गुडघ्याचं झालं. मग म्हणाली, “व्हय गं बाळ, तुमच्याकडं पोट पाडायवर मतदान झालं म्हणं? टीव्हीवर दावत हुते.”

“हो काकी. झालं.”

“असल्यावर मतदान?”

“हो.”

तिनं थोडा विचार केला. “बायका हुत्या का मत द्यायला?”

“होत्या की. लांब रांग होती. आम्ही दोघीपण गेलो.”

“मग काय झालं?”

“ज्यांना पाहिजे त्यांना करता येईल, असं झालं.”

“आन् तू काय दिलंस?”

पलीकडच्या खोलीत मुलगी बॅग भरत होती, तिच्या कॉलेजची सुट्टी संपत आली होती. चेन ओढल्याचा आवाज थांबला. मी म्हटलं, “मी उलटं दिलं, काकी. करू नये, असं.”

फोनमध्ये नुसता पाऊस. कपाळावरचं कुंकू, पांढरे केस, त्यामागं आमच्या सोप्याचा तोच काळा पडलेला खांब. मला वाटलं रेंज गेली.

“लई पाऊस हाय हिकडं,” काकी म्हणाली. “नदीचं पाणी वर यायलंय. गुरं मळ्यातनं घरात आणाय पायजेत.” आणि कुणाला तरी हाक मारायला म्हणून उठली, फोन तसाच चालू ठेवून. बराच वेळ पडद्यावर छताचे वासे दिसत होते.